सोलापुरात राहून अक्षररचना आणि माहितीची मांडणी कशी शिकावी

ग्राफिक डिझाइनच्या क्लासला नाव घातलं की पहिल्याच आठवड्यात लोगो करायला घेतला जातो. मग शुभेच्छांचा बॅनर, मग लग्नपत्रिका, मग कुणाच्या तरी वाढदिवसाचा फ्लेक्स. वर्षभरात हात बसतो, कोरलड्रॉ हे सॉफ्टवेअर झपाझप चालतं. पण दवाखान्याचं दरपत्रक किंवा शाळेचा प्रवेश अर्ज नीट लावून दे म्हटलं की तोच मुलगा अडकतो. तिथे सजवायला काही नसतं. वाचणारा काहीतरी शोधत आलेला असतो, आणि ते त्याला पटकन सापडलं पाहिजे, एवढंच काम असतं. हे काम फ्लेक्सपेक्षा अवघड आहे. त्याचे पैसेही बरे मिळतात.

कोर्समध्ये टायपोग्राफी आणि इन्फर्मेशन डिझाइन हे दोन वेगळे विषय असतात. शिकताना ते एकत्रच शिकावेत असं माझं ठाम मत आहे. तेही देवनागरीत, आणि आपल्या गावातल्या रोजच्या कागदांवर. यूट्यूबवरचे इंग्रजी धडे वाईट नसतात, पण त्यातलं निम्मं मराठी मजकुराला लागू पडत नाही. का ते खाली येईलच. क्रम मी सांगतो तोच ठेवा असा आग्रह नाही, पण पहिल्या तीन गोष्टी वगळू नका.

आधी कागद गोळा करा

महिनाभर घरातले आणि बाजारातले कागद फेकू नका. लाइट बिल, मेडिकलची पावती, एसटीचं तिकीट, पतसंस्थेचं पासबुक, निकालपत्र, शेंगा चटणीचं रिकामं पाकीट, सगळं एका फाइलीत ठेवा. जे काढून आणता येत नाही त्याचे फोटो काढा: स्टँडवरचं वेळापत्रक, नवी पेठेतल्या दुकानांच्या पाट्या, दवाखान्यातले बाण, पाणी कुठल्या भागाला कधी येणार याचं व्हॉट्सअपवर फिरणारं पत्रक.

प्रत्येकाखाली तीन ओळी लिहा. हे कोण वाचतं? कशा अवस्थेत वाचतं, उभं राहून, घाईत, चष्मा नसताना, लेकरू कडेवर घेऊन? आणि नेमकं काय शोधायला वाचतं?

चटणीचं पाकीट घेऊ. दर्शनी बाजूला मोठं नाव, शेंगांचं चित्र, लाल-पिवळा रंग. मागे बोटभर जागेत वजन, किंमत, तयार केल्याची तारीख, घटक पदार्थ, उत्पादकाचा पत्ता, अन्नसुरक्षेचा १४ अंकी परवाना क्रमांक आणि शाकाहाराची हिरवी खूण. मागचा मजकूर कायद्याने छापावाच लागतो, त्यातल्या अक्षरांची किमान उंचीही नियमात ठरलेली असते. दुकानात बाई पाकीट उलटं करते ती तारीख बघायला. ती कुठे आहे? बहुतेक वेळा चिकटपट्टीच्या घडीवर, फिक्या शाईच्या शिक्क्यात. समोर इतकी जागा रिकामी असताना ग्राहकाला लागणारी एकमेव गोष्ट घडीत गेलेली असते. हे दिसायला लागलं की तुमचा अभ्यास सुरू झाला.

भिंतीवरच्या मराठी दिनदर्शिकेतला एक चौकोनही असाच बारकाईने बघा. मोठा अंक, तिथी, नक्षत्र, सण, संकष्टीला चंद्रोदयाची वेळ, रविवार आणि सुट्टी लाल. इतकी माहिती चिकटून असूनही आजीला एकादशी क्षणात सापडते. का सापडते ते वहीत लिहून काढा. मोठेपणा, जाडी, रंग आणि प्रत्येक गोष्टीची ठरलेली जागा, एवढ्या चारच साधनांवर ते उभं आहे. कोर्समध्ये याला व्हिज्युअल हायरार्की म्हणतात. आपण उतरंड म्हणू.

अक्षर आधी हाताने

बोरू किंवा तिरकं कापलेलं निब घ्या, रेघांची वही घ्या, आणि रोज अर्धा तास काढा. सुलेखनकार व्हायचं म्हणून नाही. जाड रेघ कुठे येते, बारीक कुठे होते, शिरोरेषेला दांडा कुठे मिळतो, काना किती अंतरावर बसतो, हे हाताला कळलं की स्क्रीनवरचा बिघडलेला फॉन्ट डोळ्याला लगेच खटकतो. या परंपरेची ओळख करून घ्यायची तर र. कृ. जोशी यांच्यापासून सुरुवात करा. जाहिरात क्षेत्रात काम केलेला, जेजे आणि आयआयटी मुंबईत शिकवलेला हा माणूस. विंडोजमधला मंगल फॉन्ट त्यांचा. कमल शेडगे यांनी नाटकांच्या जाहिरातींसाठी केलेली शीर्षकं आणि अच्युत पालव यांचं सुलेखनही बघा, पण एक लक्षात ठेवा. ती अक्षरं बघण्यासाठी आहेत. वेळापत्रकाचं अक्षर बघायचं नसतं, त्यातून पलीकडे बघायचं असतं.

देवनागरीची उंची तीन मजल्यांत असते. शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार. मध्ये अक्षराचं धड. खाली उकार, ऋकार आणि काही जोडाक्षरांचे पाय. रोमन लिपीत दोन ओळींमध्ये जेवढं अंतर पुरतं तेवढं इथे पुरत नाही. पहिल्या ओळीत ‘हुतूतू’ आणि तिच्या बरोबर खाली ‘कीर्ती’ टाइप करा. वरचे उकार आणि खालचे रफार एकमेकांना भिडले तर अंतर कमी आहे. १२ पॉइंटच्या मराठी मजकुराला मी १७ ते १९ पॉइंट लाइन स्पेसिंग देतो. सॉफ्टवेअर स्वतःहून देतं ते १२० टक्के असतं, आणि ते रोमनच्या हिशोबाचं आहे.

फॉन्ट निवडण्याआधी त्याची परीक्षा घ्या. माझी चाचणी ओळ अशी: लक्ष्मी, शंकर, दर्या, दऱ्या, श्रद्धा, विठ्ठल, उद्‌घाटन, ट्रॅक्टर, ऑफिस, ॲडव्होकेट. ‘दऱ्या’ आणि ‘दर्या’ वेगळे दिसतात का? ॲ नीट येतो की अ आणि चंद्र वेगळे पडतात? ल आणि श मराठी वळणाचे आहेत का? राज्य शासनाने २००९ साली प्रमाण मुळाक्षरं ठरवताना पाकळीचा ल आणि देठाचा श स्वीकारला. बऱ्याच फॉन्टमध्ये ही दोन्ही वळणं आत असतात, पण मजकुराची भाषा मराठी अशी नेमून दिल्याशिवाय बाहेर येत नाहीत. भाषा हिंदी ठेवली की हिंदी वळण येतं. वेबपेजवरही तसंच, पानाची भाषा मराठी म्हणून सांगावी लागते. टिरो देवनागरी या फॉन्टच्या तर मराठी, हिंदी आणि संस्कृत अशा तीन वेगळ्या आवृत्त्याच आहेत.

सुरुवातीला चार-पाचच फॉन्ट वापरा. मुक्ता, बालू आणि ‘अनेक’ हे ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचे, शिवाय नोटो सान्स देवनागरी आणि लांब मजकुरासाठी टिरो. सगळे मोफत, सगळे खुल्या परवान्याचे. हार्ड डिस्कवर शेकडो चोरलेले फॉन्ट असणं ही काही शिकल्याची खूण नव्हे.

सॉफ्टवेअरची एक सेटिंग, जी कुणी सांगत नाही

इनडिझाइनमध्ये मराठी मजकूर पेस्ट केला आणि वेलांटी उजवीकडे उडी मारून बसली, जोडाक्षरं पाय मोडून पडली, तर फॉन्टला शिव्या देऊ नका. परिच्छेदाच्या मेनूत वर्ल्ड-रेडी कंपोझर निवडा. इलस्ट्रेटर आणि फोटोशॉपमध्येही टाइपच्या प्रेफरन्सेसमध्ये भारतीय लिप्यांसाठीचा पर्याय चालू करावा लागतो. इंकस्केप आणि स्क्रायबस ही मोफत सॉफ्टवेअर शिकायला पुरेशी आहेत.

दुसरी अडचण आपल्याकडच्या डीटीपीची. अजूनही बऱ्याच ठिकाणी मॅटर श्रीलिपीसारख्या जुन्या, युनिकोडच्या (प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच ठरलेला क्रमांक देणाऱ्या पद्धतीच्या) आधीच्या फॉन्टमध्ये बसवतात. ती फाइल उघडून मजकूर कॉपी केला की निव्वळ खुणांचा पसारा हाती येतो. रूपांतर करणारी साधनं आहेत, पण रूपांतरानंतर प्रूफ डोळ्यांनी वाचायचंच. रफार आणि ऱ्य इथे हमखास घसरतात. नवीन काम मात्र युनिकोडमध्येच करायचं, त्यात तडजोड नको.

आणि देवनागरीत अक्षरांमधलं अंतर वाढवू नका. ट्रॅकिंग वाढवलं की शिरोरेषा तुटते, शब्दाचे तुकडे पडतात आणि वाचणारा अडखळतो. रोमनमध्ये जे ऐटदार दिसतं ते इथे तुटकं दिसतं.

कॅपिटल नाही, इटालिक नाही, मग उतरंड कशी?

इंग्रजी धड्यात शीर्षक कॅपिटलमध्ये घ्या, जोर द्यायला इटालिक वापरा असं सांगतात. देवनागरीत कॅपिटल नाहीत. तिरकं केलेलं देवनागरी बहुतेक वेळा वाऱ्याने कललेलं वाटतं. म्हणजे दोन साधनं आधीच गेली. उरतं ते जागा, जाडी, आकार आणि रंग. म्हणून हा सराव याच क्रमाने करा.

एक साधा मजकूर घ्या. समजा गल्लीतल्या वाचनालयाची सूचना: नाव, पत्ता, वेळ, साप्ताहिक सुट्टी, वर्गणी, नियम. पहिल्यांदा एकच फॉन्ट, एकच आकार, एकच जाडी, काळा रंग. फक्त ओळी मागेपुढे आणि खालीवर सरकवून, मोकळी जागा सोडून, मजकुरातले गट वाचणाऱ्याला कळले पाहिजेत. हे दिसतं तितकं सोपं नाही. पाच-सहा वेगळ्या मांडण्या करा. नंतर त्याच फॉन्टचं एक जाड रूप वापरायची मुभा घ्या, तेही एकाच ठिकाणी. मग आकार बदला, पण दोनच आकार आणि त्यांच्यात ठळक फरक ठेवून. १२ आणि १४ पॉइंट शेजारी ठेवले तर चूक झाल्यासारखं दिसतं. १२ आणि २० ठेवले तर हेतू कळतो. रंग सगळ्यात शेवटी.

सगळे कागद भिंतीला लावून चार पावलं मागे या आणि डोळे किलकिले करा. आधी काय दिसलं? वेळ दिसली तर जमलं. वाचनालयाचं नाव दिसलं तरी चालेल. नियम क्रमांक चार दिसला तर पुन्हा बसा.

ग्रिडबद्दल, म्हणजे मजकूर बसवायला पानावर आखलेल्या न दिसणाऱ्या रेघांच्या जाळीबद्दल, थोडक्यात. आपल्या गावात यंत्रमागावर चादर विणायची तर नक्षी आधी आलेखाच्या कागदावर चौकोन भरून काढतात आणि मग जेकार्डची कार्डं भोसकतात. एक चौकोन इकडेतिकडे झाला तर फूल वाकडं होतं. पानावरच्या ग्रिडला तेवढी शिस्त लागत नाही, पण प्रत्येक रकाना कुठे सुरू होतो याचं उत्तर तुमच्याकडे असायला हवं.

पहिला खरा प्रकल्प: एसटीचं वेळापत्रक

इथे वेळ घाला. या एका कामात दोन्ही विषय येतात.

स्टँडवर जा, सुटणाऱ्या गाड्यांची माहिती फोटो काढून आणि चौकशी खिडकीवर विचारून घ्या. घरी येऊन ती तक्त्यात भरा. एका ओळीत एक गाडी: सुटण्याची वेळ, शेवटचं ठिकाण, मार्गे, साधी की हिरकणी की शिवशाही, रोज की ठरावीक वारी. अजून डिझाइन नाही. ही माहिती स्वच्छ करण्यातच पहिले काही दिवस जातील, आणि जाऊ द्या. ‘अक्कलकोट’ एकीकडे पूर्ण आणि दुसरीकडे ‘अ.कोट’ लिहिलेलं असेल, ते इथेच सरळ करायचं.

आता प्रवाशाचा प्रश्न काय असतो? ‘मोहोळला पुढची गाडी कधी?’ तुमच्या तक्त्यात मोहोळच्या नावापुढे दोन-चारच गाड्या दिसतील. पण पुण्याकडे जाणारी गाडी मोहोळ, टेंभुर्णी, इंदापूरवरूनच जाते. छत्रपती संभाजीनगरची तुळजापुरातूनच पुढे धाराशिवला जाते. म्हणजे मोहोळवाल्याच्या उपयोगाच्या गाड्या पुण्याच्या ओळीत लपल्या आहेत. अर्थात कुठली गाडी कुठे थांबते हे कंडक्टरला विचारूनच लिहायचं. माहिती गाडीच्या हिशोबाने साठवलेली असते आणि माणूस गावाच्या हिशोबाने विचारतो. ही दरी भरणं म्हणजे इन्फर्मेशन डिझाइन. अक्षरं सुबक करणं त्यानंतर येतं.

अमेरिकी आर्किटेक्ट आणि डिझायनर रिचर्ड सॉल वुर्मन यांनी माहिती लावण्याचे पाच प्रकार सांगितले आहेत: जागेनुसार, वर्णक्रमाने, वेळेनुसार, वर्गवारीने आणि चढत्या-उतरत्या क्रमाने. पाचही प्रकारांनी हेच वेळापत्रक लावून बघा. वेळेनुसार लावलं तर आगारातल्या माणसाला सोयीचं. दिशेनुसार, म्हणजे पुणे रस्ता, विजापूर रस्ता, तुळजापूर रस्ता असं लावलं तर रस्ते माहीत असलेल्याला सोयीचं. वर्णक्रमाने गावं लावली तर परगावच्या माणसाला. माझा कल वर्णक्रमाकडे आहे, कारण ज्याला सगळं ठाऊक आहे तो फलक बघायला येतच नाही.

प्रत्येक गावाखाली वेळा कशा लिहाल? सरसकट यादी करण्याऐवजी तास एकदाच लिहा आणि पुढे फक्त मिनिटं. समजा बार्शीच्या गाड्या अशा आहेत:

सकाळी ६ | ०० २० ४५
सकाळी ७ | १५ ३०
सकाळी ८ | ०५ ४०

तासाचा आकडा जाड, मिनिटं साधी. दाट गाड्यांची वेळ कुठली आणि विरळ कुठली हे ओळींच्या लांबीवरूनच दिसतं, त्यासाठी वेगळा आलेख लागत नाही. सकाळ, दुपार, संध्याकाळ, रात्र असे पट्टे पाडा. १४.३० लिहिलं तर रेल्वेवाल्याला कळेल, पण बाजाराला आलेल्या मावशींना अडीचच हवे असतात.

आकड्यांकडे आता बारकाईने बघा. १ आणि ९ बारीक छपाईत, धुळीने भरलेल्या फलकावर एकमेकांसारखे दिसतात. ५, ८ आणि ९ यांची वळणं फॉन्टागणिक बदलतात. ११११ आणि त्याच्या खाली ८८८८ टाइप करा. दोन्हींची रुंदी सारखी भरली तर तो फॉन्ट तक्त्याला चालेल, नाहीतर मिनिटांचे रकाने नागमोडी होतील. तक्त्याला सगळीकडून चौकटी मारू नका. आडव्या बारीक रेघा, त्याही दर तीन-चार ओळींनी, पुरतात. उभ्या रेघा काढून टाका आणि त्यांच्या जागी मोकळं अंतर सोडा.

मग प्रिंट काढा आणि स्टँडवर न्या. ‘कसं वाटलं?’ असं कुणाला विचारू नका. आपली माणसं भिडेखातर छानच म्हणणार. काम सांगा: ‘काका, दुपारी तीननंतर बार्शीला जायचंय, यातून गाडी शोधून देता का?’ आणि गप्प राहून त्यांचं बोट बघा. बोट कुठून सुरू झालं, कुठे थबकलं, कुठे मागे फिरलं. बोट थबकलं ती जागा दुरुस्त करायची. पाच-सहा वेगवेगळ्या वयाच्या लोकांनी हे केलं की बहुतेक मोठे दोष उघडे पडतात. निदान एक माणूस कमी शिकलेला आणि एक चष्मा घरी विसरलेला असू द्या.

आलेख शिकायला उजनी

आलेखांचे प्रकार कुठल्याही पुस्तकात मिळतात. मी एकच उदाहरण देतो, कारण ते सोलापूरकराला रोजच्या पेपरात भेटतं.

उन्हाळ्यात बातमी येते, ‘उजनी वजा ३० टक्के’. बाहेरगावच्या माणसाला हे वाचून चक्कर येते, धरणात वजा पाणी कसं असेल? टक्केवारी मोजली जाते ती फक्त उपयुक्त साठ्याची. उजनीचा एकूण साठा सुमारे ११७ टीएमसी (एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट). त्यातला ६३.६६ मृतसाठा आणि ५३.५७ उपयुक्त साठा. म्हणजे शून्य टक्के या आकड्याला धरणात जवळजवळ ६४ टीएमसी पाणी असतं. वजा ५० टक्के म्हणजे उपयुक्त साठ्याच्या निम्म्याइतकं, २६.८ टीएमसी, मृतसाठ्यातून गेलं आणि सुमारे ३७ उरलं. २०२४ च्या उन्हाळ्यात आकडा वजा पन्नासच्याही खाली गेला होता. आणि चांगल्या पावसाळ्यात हाच आकडा १११ टक्के होतो, म्हणजे सुमारे १२३ टीएमसी.

तर सराव असा: हे सगळं एका चित्रात दाखवा, पेपरातल्या एका कॉलमच्या रुंदीत, काळ्या-पांढऱ्यात. नुसता स्तंभ शून्याच्या खाली लटकवला तर धरण कोरडं पडल्यासारखं वाटतं, जे खोटं आहे. टक्के सोडून सगळंच टीएमसीत दाखवलं तर पाणी भरपूर आहे असं वाटतं, आणि तेही खोटंच, कारण मृतसाठ्यातलं पाणी मिळवणं सोपं नसतं आणि त्यात गाळही असतो. माझ्या मते एक उभा स्तंभ तळापासून काढावा, मृतसाठ्याची सीमा ठळक रेघेने दाखवावी, डावीकडे टीएमसी आणि उजवीकडे टक्के अशी दोन मापं लिहावीत. पण तुम्ही दुसरी वाट काढून दाखवलीत तर मला आवडेलच. चित्राखालचं वाक्य लिहायला चित्राइतकाच वेळ द्या. मापाचा शब्द आकड्याला चिकटलेला ठेवा, एका ओळीच्या शेवटी ‘३७’ आणि पुढच्या ओळीत ‘टीएमसी’ असं होऊ देऊ नका.

रंग वापरायचाच असेल तर लाल आणि हिरवा यांच्यावर अर्थ टांगू नका. हे दोन रंग ज्यांना वेगळे दिसत नाहीत असे पुरुष प्रत्येक गल्लीत असतात. एकदा काळी-पांढरी झेरॉक्स काढून बघा, अर्थ टिकला तर रंग बरोबर आहेत.

नकाशा: अडुसष्ट लिंगं

सिद्धरामेश्वरांनी सोलापूरभोवती स्थापन केलेली ६८ लिंगं आणि संक्रांतीच्या यात्रेत सात नंदीध्वजांसह होणारा त्यांचा तैलाभिषेक, हा विषय नकाशासाठी फार उत्तम आहे. नकाशाच्या अभ्यासात हॅरी बेक यांचा १९३३ चा लंडन भुयारी रेल्वेचा नकाशा दाखवतातच. त्यांनी रेल्वेच्या वाकड्यातिकड्या वाटा उभ्या, आडव्या आणि ४५ अंशांच्या रेघांत बसवल्या, स्टेशनांमधली अंतरं सारखी केली. भुयारातल्या प्रवाशाला फक्त कुठे बदलायचं आणि किती स्टेशनं उरली हेच हवं असतं, म्हणून ते चाललं.

इथे मात्र भाविक पायी जातो. उन्हात दोन फर्लांग आणि दोन किलोमीटर सारखेच दाखवले तर तो तुम्हाला दुवा देणार नाही. क्रम बेकसारखा स्वच्छ ठेवा, पण अंतरं आणि ओळखीच्या खुणा, म्हणजे तलाव, वेस, चौक, शाळा, खऱ्या ठेवा. ६८ नावं नकाशावर लिहायला गेलात तर गर्दी होईल. क्रमांक नकाशावर, नावं शेजारच्या यादीत. जागा निश्चित करायला स्वतः फिरा आणि जुन्या जाणत्या माणसाला सोबत घ्या.

एका पाटीवर चार लिप्या

पुण्यातल्या विद्यार्थ्याला जे सहज मिळत नाही ते आपल्याला दारात मिळतं. मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू वाचणारी माणसं एकाच दवाखान्याच्या रांगेत उभी असतात. ‘रक्त तपासणी, पहिला मजला’ एवढाच फलक चार लिप्यांत करून बघा.

चारही ओळी २४ पॉइंटमध्ये लावल्या तर सारख्या दिसणार नाहीत. कन्नड-तेलुगूला शिरोरेषा नाही, अक्षरं गोल आणि जोडाक्षरांचा दुसरा भाग खाली लटकतो. उर्दूच्या नस्तालीक वळणात शब्द उजवीकडून वर सुरू होऊन डावीकडे उतरत जातो, त्याला उभी जागा खूप लागते, आणि दिशा उलटी असल्यामुळे बाणाची जागाही विचार करून ठरवावी लागते. म्हणून पॉइंट विसरा, अक्षराचं धड डोळ्यांना सारखं दिसेल असे आकार लावा. ‘अनेक’ या फॉन्टकुटुंबात देवनागरी, कन्नड आणि तेलुगू एकमेकांशी जुळणारी आहेत. उर्दूसाठी नोटो नस्तालीक घ्या. भाषांतर मशीनवर सोडू नका. त्या-त्या भाषेच्या शेजाऱ्याकडून वाचून घ्या, शहराच्या पूर्व भागात तेलुगू वाचून देणारं घर शोधावं लागत नाही.

लांबून वाचायच्या पाटीसाठी ढोबळ हिशोब: दर १० फुटांना १ इंच अक्षर. देवनागरीत ही उंची शिरोरेषेपासून अक्षराच्या पायथ्यापर्यंत मोजायची, वरची वेलांटी धरायची नाही.

छपाईच्या आधी

स्क्रीनवर २०० टक्के मोठं करून बघण्याची सवय सोडा. ए४ वर खऱ्या आकारात प्रिंट काढा आणि हातात धरून वाचा. लहान अक्षरांचा काळा रंग फक्त काळ्या शाईचा, १०० टक्के, ठेवा. चार रंग मिसळून केलेला काळा ऑफसेटवर किंचित सरकला तरी अक्षराभोवती रंगीत कडा दिसतात. गडद रंगावर पांढरी बारीक अक्षरं टाकलीत तर मात्रा भरून जातात, तिथे फॉन्टचं एक पायरी जाड रूप घ्या. चहूबाजूंनी ३ मिलिमीटर ब्लीड, म्हणजे कापताना जाणारी जादा छपाई, सोडा. आणि एकदा तरी प्रेसमध्ये उभं राहून प्लेट चढताना, कागद कापताना बघा. मशीनवाल्या मामांना प्रश्न विचारा. क्लासमध्ये मिळत नाही ते तिथे चहाच्या किमतीत मिळतं.

कोर्स निवडताना

तीन महिन्यांच्या क्लासमध्ये सॉफ्टवेअर शिकवतात. त्यात वावगं काही नाही, पण त्याला डिझाइनचा कोर्स समजू नका. प्रवेश घेण्याआधी जुन्या विद्यार्थ्यांचं काम दाखवा म्हणा. त्यात एखादा तक्ता, अर्ज, नकाशा आहे का? मराठी मजकूर युनिकोडमध्ये आहे का? शिक्षक ओळींमधल्या अंतरावर बोलतात की फक्त ‘मस्त’ म्हणतात?

पदवी करायची तर उपयोजित कलेच्या बीएफएसाठी राज्याची सीईटी असते. आयआयटीच्या बी.डिझाइनसाठी यूसीड, पदव्युत्तरसाठी सीड, आणि एनआयडी या राष्ट्रीय डिझाइन संस्थेसाठी त्यांची स्वतंत्र डॅट परीक्षा. यासाठी घर सोडावं लागेल. ते शक्य नसेल तर आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइन विभागाने चालवलेलं डी-सोर्स हे संकेतस्थळ मोफत आहे, भारतीय लिप्यांवर तिथे भरपूर साहित्य मिळतं. टायपोडे ही टायपोग्राफीवरची परिषद २००८ पासून भरते, तिथले निबंध चाळा.

पोर्टफोलिओत वीस पोस्टर भरण्यापेक्षा वरच्यांपैकी तीन प्रकल्प पूर्ण ठेवा. प्रत्येकात मूळ कागदाचा फोटो, माहितीचा कच्चा तक्ता, मधल्या दोन-तीन फसलेल्या मांडण्या, लोकांसमोरच्या चाचणीत काय घडलं याच्या चार ओळी आणि शेवटची मांडणी, त्याच क्रमाने. पीडीएफ काढताना फॉन्ट आत बसवलेले आहेत ना ते फाइलच्या गुणधर्मांत तपासा आणि दुसऱ्याच्या मोबाइलवर उघडून बघा. प्रेसला पाठवायची प्रत तेवढी कर्व्ह करून, म्हणजे अक्षरांचे निव्वळ आकार करून, द्या, आणि कर्व्ह न केलेली मूळ फाइल वेगळ्या नावाने जपून ठेवा. पुढच्या महिन्यात गाडीची वेळ बदलली की तीच लागते.